हळेबीड जंगलात कुठं आहे?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र जपानवर व्हिडिओ गेम लिहितोय. जपान कुणीच पाहिलेलं नाही. लिहावं का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : लिही की! पण आधी एक ऐक. 2017 च्या ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ या अमेरिकन गेममध्ये आपल्या कर्नाटकातलं जुनं होयसळ राज्य आहे. भाच्यानं दाखवला. गणपती, कोरीव खांब बघून हरखलो. मग कळलं, त्यातलं हळेबीड, होयसळांची राजधानी, म्हणजे घाटातल्या जंगलात दडलेलं शहर! खरं हळेबीड हासन जिल्ह्यात, तळ्याकाठी. मी बसमधून उतरून, शेंगा खात बघून आलोय.

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा जपानी बेटावरचा गेमही अमेरिकनांचाच. काळ 1274 चा, अन् नायक हायकू, म्हणजे छोटी जपानी कविता, रचतो. हायकूला रूप आलं 17 व्या शतकात. तरी 2021 मध्ये त्सुशिमा शहरानं त्याच्या दोघा दिग्दर्शकांना पर्यटनदूत नेमलं. म्हणजे तारखेची चूक खपते एकवेळ.

खपत नाही ते माणसांचं वागणं. उद्या कुणी बेळगाव दाखवलं आणि खडेबाजारातला दुकानदार शुद्ध पुणेरी बोलला, तर आपण हसू ना? इथं पाटी कन्नडमध्ये, घासाघीस मराठीत, मधेच शेजाऱ्याला ‘बर्री, कूड्री’ (या, बसा). हे पुस्तकात सापडत नाही, गल्ल्याजवळ तासभर बसावं लागतं.

तुम्हाला तसा गल्ला जपानात शोधायचाय. एखादा जपानी वाचक गाठा, तोही संवाद पक्के होण्याआधी. नंतर नुसत्या माना डोलावतात. आणि सामुराई जरा कमी करा रे, तिथं भाजीवालेही असतील की.