बाभळीची जाड खोडे कापण्यासाठी जुन्या चेन सॉला १६ ऐवजी २० इंची बार (साखळी जिच्या कडेने फिरते ती पट्टी) बसवता येईल का?
बसवता येईल, परंतु यंत्र किमान ५० सीसीचे असेल आणि त्याचा तेलपंप सुस्थितीत असेल तरच. ३५-४० सीसीच्या यंत्राला मी तो बसवणार नाही. बार लांबला की घर्षण वाढते, तेवढ्याच तेलात अधिक लांबी भिजवावी लागते, आणि जुन्या यंत्रात बहुधा हाच पंप थकलेला असतो: बारचे टोक कोरड्या पुठ्ठ्यासमोर धरून वेग दिल्यावर तेलाची रेघ उमटली नाही, तर आधी पंप पाहावा. बारच्या बुडाची खाच यंत्राशी आणि गेज (बारच्या खोबणीची रुंदी) साखळीशी जुळले पाहिजे, पिच (साखळीच्या कड्यांमधले अंतर) तर स्प्रॉकेटशीही, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाशीही. साखळी मात्र जास्त कड्यांचीच लागते. तरीही खानदेशात बांधावर उभी वाळलेली बाभूळ इतकी कठीण असते, की तिच्यात पूर्ण बार बुडवण्यापेक्षा १६ इंची बारनेच दोन्ही बाजूंनी कापणे मला अधिक व्यवहार्य वाटते.