‘ट्रस्ट’ला ‘ऑन’ लागत नाही

“मॅडम, हिला इंग्रजीची भीती बसलीय,” माझ्याकडे समुपदेशनाला आल्यावर खुर्चीत टेकायच्या आधीच आईनं सांगून टाकलं. मुलगी निफाडहून रोज एसटीनं नाशिकला कॉलेजला येणारी. (ओळखीच्या खुणा बदलल्यात.) पंधरा दिवसांपासून तिनं स्पोकन इंग्लिशचा क्लास बंद केला होता. तिथं ‘माझी विश्वासू मैत्रीण’ यावर दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं होतं.

पहिल्या भेटीत मीही सभाधीटपणाच्याच मागे लागले. चूक माझी, आईनं लावलेलं ‘इंग्रजीची भीती’ हे लेबल मी न तपासता खरं मानलं. दुसऱ्या वेळी आईला बाहेर बसवलं, तेव्हा खरं निघालं. सरावाचा एक व्हॉइस मेसेज तिनं फक्त जिवलग मैत्रिणीला पाठवला होता, “कोणाला ऐकवू नको हं” म्हणून. तो क्लासच्या ग्रुपवर फिरला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

“आता कोणावर विश्वासच ठेवायचा नाही का?” कॉलेजची मुलं हे मला सारखं विचारतात.

म्हटलं, भाषण लिही बघू. पहिलंच वाक्य, ‘आय ट्रस्ट ऑन माय फ्रेंड.’ आपण मैत्रिणी‘वर’ विश्वास ठेवतो, म्हणून तो ‘वर’ इंग्रजीतही शिरतो. खरं तर ‘आय ट्रस्ट हर’ एवढंच पुरतं. ‘रिलाय’ला मात्र ‘ऑन’ लागतो, म्हणजे अडीनडीला तिच्यावर भिस्त. ‘बिलीव्ह हर’ म्हणजे तिचं बोलणं खरं मानणं. ‘कन्फाइड इन हर’ म्हणजे मनातलं तिच्यापाशी उघडं करणं. मराठीत भरवसा, भिस्त आहेच की. पण रोजच्या बोलण्यात सगळ्याला ‘विश्वास’च म्हणतो, आणि तो गेला की सगळंच गेल्यासारखं वाटतं.

कागदावर तीन रकाने पाडले. ‘रिलाय’खाली तिनं मुकाट्यानं त्याच मैत्रिणीचं नाव लिहिलं. नोट्स तीच देते, शेवटची बस चुकली तर घरी तीच ठेवून घेते. ‘बिलीव्ह’पुढे प्रश्नचिन्ह. ‘कन्फाइड’पाशी पेन बराच वेळ अडलं, मग चुलतबहिणीचं नाव आलं.

मैत्रिणीशी काय बोलायचं? माफीची मागणी नको, म्हटलं. “तू तो मेसेज पुढे पाठवलास, मला लागलं,” एवढं सांग आणि गप्प बस. तिनं तसंच केलं. मैत्रीण आधी “गंमत होती गं” म्हणाली, नंतर रडली. तिसऱ्या रकान्यात तिचं नाव अजून नाही, आणि मीही घाई केली नाही.

भाषण मात्र झालं. “एकदा ‘ट्रस्ट ऑन’ गेलंच तोंडातून,” हे सांगताना ती स्वतःच हसत होती.