रोशिया मोंताना: सोन्याने वसवलेलं, सोन्यानेच रिकामं केलेलं गाव

"फोटोत पडकी घरं, उघडाबोडका डोंगर आणि लाल पाण्याचा ओढा एवढंच दिसतं. मग रोमानियातल्या या गावाला जागतिक वारशाचा दर्जा कशासाठी?" हा तुमचा प्रश्न. त्या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे: सोनं. इथला वारसा म्हणजे एखादी इमारत नव्हे, दोन हजार वर्षं माणसांनी खणलेला अख्खा मुलूख आहे.

गाव ट्रान्सिल्व्हानियाच्या पश्चिमेला, अल्बा जिल्ह्यात, अपुसेनी डोंगररांगेत आहे. एक कोटी वर्षांहून जुन्या ज्वालामुखीच्या खडकात इथे सोनं आणि चांदी साठली. खाणींतून झिरपणारं आम्लयुक्त पाणी लोह घेऊन येतं, म्हणून ओढा लाल दिसतो. तो अब्रूद नदीला आणि पुढे अरिएशला मिळतो. माथ्यावरची छोटी, सुंदर तळी मात्र निसर्गाची देणगी नाहीत. पाण्याच्या चाकावर चालणारी लाकडी मुसळं सोन्याचा दगड कुटून त्याची भुकटी करत. त्या चाकांना वर्षभर पाणी पुरावं म्हणून लोकांनी बांध घालून ती तळी केली. 'तऊल मारे' हे त्यातलं मोठं.

इ.स. 106 मध्ये रोमन सम्राट ट्राजानने डेशिया (आजच्या रोमानियाचा बराचसा भाग) जिंकला आणि रोमनांनी इथे एड्रियाटिक समुद्रकिनाऱ्यावरच्या डाल्मेशियाकडचे, खाणकामात मुरलेले इलिरियन लोक आणून वसवले. गावाचं तेव्हाचं नाव अल्बुर्नुस मायोर. त्यांनी छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या बोगद्यांपैकी सुमारे 7 किलोमीटर आजवर अभ्यासकांनी नोंदवले आहेत. पाणी उपसायला बसवलेल्या लाकडी चाकांचे अवशेषही आत सापडले.

पण मला विचाराल तर या गावाचा खरा ठेवा म्हणजे मेण लावलेल्या लाकडी पाट्या. 1786 ते 1855 दरम्यान जुन्या खाणींत त्या मिळाल्या. त्यांवर 131 ते 167 या काळातले व्यवहार लिहिलेले आहेत. साल 139 च्या एका खरेदीखतात पासिया नावाची साधारण सहा वर्षांची मुलगी 205 दिनारियसला (दिनारियस म्हणजे रोमन चांदीचं नाणं) गुलाम म्हणून विकली गेली आहे. हे वाचून मन विषण्ण होतं, आणि रोमन वैभवाच्या गोष्टी सांगताना ही पाटी वगळली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. 164 चा करार मेम्मियस नावाच्या मजुराचा आहे. मे ते नोव्हेंबर सोन्याच्या खाणीत काम, मजुरी 70 दिनारियस. मालकाच्या मर्जीविरुद्ध काम सोडलं तर दिवसाला 5 सेस्टर्स (चार सेस्टर्सचा एक दिनारियस) दंड, आणि खाणीत पाणी भरून काम थांबलं तर त्या प्रमाणात मजुरीचा हिशोब. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्याने त्याच्या वतीने लिहिलं. तिसरी पाटी 167 ची. सभासदांच्या अंत्यविधीचा खर्च उचलणारं एक मंडळ बंद झाल्याची ती जाहीर सूचना आहे: 54 सभासदांपैकी गावात उरले फक्त 17. त्या सुमारास साम्राज्याच्या डॅन्यूब नदीवरच्या सीमेवर युद्ध पेटलं होतं. बऱ्याच अभ्यासकांच्या मते लोकांनी तेव्हाच या पाट्या खाणीत लपवल्या.

पुढची शतकं भराभर सांगतो. रोमन गेले, मध्ययुगात जर्मन खाणकामगार आले, मग ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजवटीत कामाचा जोर वाढला. डोंगरातले छोटे छोटे हिस्से कुटुंबांच्या मालकीचे असत. घरातली बायका-मुलंही कामाला जुंपलेली असत. ऑर्थोडॉक्स, ग्रीक-कॅथलिक, रोमन कॅथलिक, युनिटेरियन आणि कॅल्विनवादी अशा पाच पंथांची चर्च या एवढ्याशा गावात आहेत, कारण सोन्यापायी चहूकडून माणसं येत राहिली.

1948 मध्ये सरकारने खाणी ताब्यात घेतल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ही घरगुती खाणकामाची रीत संपली. 1970 च्या दशकात चेताते डोंगर उघड्या खाणीसाठी वरून खाली पोखरायला घेतला. त्यात पुष्कळसे रोमन बोगदे कायमचे गेले. फोटोतला उघडा डोंगर तो हाच. ही सरकारी खाण 2006 मध्ये बंद झाली.

पडक्या घरांचं कारण अलीकडचं आहे. कॅनडाच्या गॅब्रिएल रिसोर्सेस या कंपनीचा मोठा भाग असलेल्या प्रकल्पात चार उघड्या खाणी करून सायनाइड या विषारी रसायनाने 300 टनांच्या आसपास सोनं काढायची योजना होती. शेजारच्या कोर्ना खोऱ्यात खाणीचा गाळ साठवायचं धरण होणार होतं. त्यासाठी घरं विकत घेतली गेली आणि अनेक कुटुंबं अल्बा युलिया शहरातल्या नव्या वस्तीत गेली. विकायला नकार देणाऱ्यांनी 2000 मध्ये 'अल्बुर्नुस मायोर' ही संघटना काढली. त्याच वर्षी 30 जानेवारीला रोमानियातल्याच बाया मारे इथे असंच धरण फुटून सायनाइडचं पाणी तिसा आणि डॅन्यूब नद्यांपर्यंत गेलं होतं. जवळचं जामाना गाव तर तांब्याच्या खाणीच्या गाळाखाली बुडालेलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यामुळे त्यांची भीती मला पूर्णपणे रास्त वाटते. सप्टेंबर 2013 मध्ये देशभर हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि पुढे प्रकल्पासाठीचा खास कायदा संसदेने फेटाळला.

जुलै 2021 मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा यादीत घेतलं आणि त्याच वेळी 'धोक्यातील वारसा' यादीतही टाकलं. कंपनीने रोमानियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे केलेला भरपाईचा दावा मार्च 2024 मध्ये फेटाळला गेला.

मात्र नकार देऊन राहिलेल्यांसमोर रोजगाराचा प्रश्न उभाच आहे, आणि नुसता दर्जा मिळून तो सुटत नाही. स्वयंसेवक उन्हाळ्यात येऊन चुना, दगड, लाकूड वापरून जुनी घरं दुरुस्त करतात, ते काम मोलाचं आहे. तुम्ही जाणार असाल तर ओर्लेआ डोंगरातले रोमन बोगदे बघायला उतरा, पण आधी वरच्या तळ्यांवर चढून जा. तिथून खालचं सगळं खोरं नजरेत आलं की बोगदे, चर्च आणि तो उघडा डोंगर यांचा एकमेकांशी संबंध आपोआप लागतो.