सॅच्युरेशन 98 होतं, पण श्वास मोजला होतास का?

"सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 98 होतं, डॉक्टरांना फोनही केला होता, तरी पेशंट पहाटे आयसीयूत गेला आणि खुलासा मागणारा मेमो मात्र मला आला." तुझ्या पोस्टमधलं हे वाक्य मीच लिहिलंय की काय असं वाटलं, मीही वॉर्डातली नर्सच. वयानं लहान असशील असं धरून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

माझी ती रात्र जुलैची. गाड्या बंद, मला सोडवायला येणारी रिलीव्हर कल्याणला अडकलेली, म्हणून संध्याकाळची ड्यूटी करून रात्रही मीच. लॅपरोटॉमीचा (पोट उघडून केलेल्या ऑपरेशनचा) पेशंट, ओटीत एपिड्यूरलमधून, म्हणजे पाठीच्या कण्यात घातलेल्या बारीक नळीतून, दुखण्यासाठी मॉर्फिन दिलेलं. मला ओव्हर (ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती) मिळाली ती एवढीच: "एपिड्यूरल आहे, दुखत नाहीये, छान झोपलाय." मॉर्फिन हा शब्द ओव्हरमध्ये आला नाही आणि मीही विचारला नाही. तीनला पाहिलं तर मास्कवर सहा लिटर ऑक्सिजन, सॅच्युरेशन 97. बायको म्हणाली, "किती दिवसांनी घोरतायत बघा." मी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर श्वासाच्या रकान्यात 20 टाकलं. न मोजता. वरच्या ओळीत 20, त्याच्या वरही 20.

मग जरा जास्तच झोपाळू वाटला म्हणून डॉक्टरांना फोन केला. "सॅच्युरेशन किती?" "97." "मग ठीक आहे." भूलतज्ज्ञ साडेचारला दुसऱ्याच पेशंटसाठी आले, जाता जाता याच्या छातीवर हात ठेवून मिनिटभर उभे राहिले. मिनिटात सातच श्वास! नॅलोक्सोन (मॉर्फिनचा उतारा), आयसीयू, धावपळ. पेशंट वाचला.

वरून ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावला तरी आकडा बराच वेळ छान दिसतो, आत कार्बन डायऑक्साइड साचत राहतो. आणि एपिड्यूरल मॉर्फिननं श्वास मंदावण्याचा हा त्रास 24 तासांपर्यंत कधीही उद्भवू शकतो. म्हणून माझं ठाम, कदाचित हेकट मत: पूर्ण एक मिनिट, पोटावर हात ठेवून मोज. फोनवर डॉक्टरांनी सॅच्युरेशन विचारायच्या आधीच सांग, "श्वास आठ, हाक मारल्यावर डोळे उघडतो आणि लगेच झोपतो, मॉर्फिन अमुक वाजता दिलंय, तुम्ही येऊन बघा." नॅलोक्सोननंतर पेशंट बोलायला लागला म्हणून बाजूला होऊ नकोस, त्याचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो. (डोस, लिमिट तुमच्या हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलप्रमाणे, माझ्या सांगण्यावरून नाही.)

मेमोबद्दल. मी वकील नाही. पण मला ज्या ऑफिसात उभं केलं, तिथे चाळीस पेशंटना दोघी कशा, सलग दोन ड्यूट्या कशा, हे कुणी विचारलं नाही. "डॉक्टरांना कळवल्याची नोंद कुठाय?" एवढंच. नोंद नव्हती, आणि ते 20 माझ्याच अक्षरात होतं. त्यामुळे फोनची वेळ आणि कुणाशी बोललीस ते उत्तरात लिही; मात्र चार्टवर आता मागाहून एक अक्षरही टाकू नकोस. इन्चार्ज सिस्टरना आधी दाखव.

जाता जाता, तू पोस्टच्या खाली स्पायरोमीटरचं (ऑपरेशननंतर खोल श्वास घ्यायच्या व्यायामाचं साधन) विचारलंयस. तीन गोळ्यांच्या त्या डब्यात निम्मे पेशंट फुंकतातच. "मामा, स्ट्रॉनं नारळपाणी ओढता तसं ओढा" म्हटलं की जमतं. वेदनाशामक लागू पडल्यावरच बसव, आणि खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायला दे. उशी वॉर्डात मिळायची नाही, घरून आणायला सांग.