अमेरिकेत स्कूल बोर्डाच्या सदस्यापासून सुरुवात करून कोणी मोठ्या पदावर पोहोचलं आहे का?

हो, थेट राष्ट्राध्यक्षपदापर्यंत. जिमी कार्टर. 1950 च्या दशकात शेंगदाण्याचा व्यवसाय सांभाळत ते जॉर्जियातल्या समटर काउंटीच्या शिक्षण मंडळावर होते, पुढे मंडळाचे अध्यक्षही झाले. (वडीलही याच मंडळावर होते, म्हणजे घरचं वळण होतंच.) तिथे शाळांच्या एकत्रीकरणाचा प्रस्ताव त्यांनी उचलून धरला, 1961 मध्ये मतदारांनी तो फेटाळला. काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा तेव्हा वेगळ्या होत्या आणि हे एकत्रीकरण म्हणजे दोघांना एकाच शाळेत बसवण्याची सुरुवात, अशी अनेकांना धास्ती होती.

खरी गंमत 1962 ची. राज्य सिनेटसाठी त्यांनी मतदानाच्या जेमतेम 15 दिवस आधी, आपल्या 38व्या वाढदिवशी, उमेदवारी जाहीर केली. क्विटमन काउंटीत एका स्थानिक पुढाऱ्याने उघड उघड खोट्या मतांनी मतपेटी भरली. मेलेल्यांच्या नावानेही मतं पडली होती! कार्टर हरले, पण कोर्टात गेले, चिकाटीने लढले आणि जागा मिळवली. माझ्या मते त्यांच्यातला राजकारणी इथेच घडला.

1966 ला गव्हर्नरपदासाठी हरले, 1970 ला जिंकले, 1976 ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.