पॉलिसी सोडून मुलीच्या दातांना तारा लावाव्यात का?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून एका ताईंनी विचारलं आहे: बारा वर्षांच्या मुलीचे वरचे दात पुढे आलेत, खालचे टाळूला टेकतात. ऑर्थोडॉन्टिस्टने (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांनी) धातूच्या तारांचे ४५,००० रुपये सांगितले, अलायनरचे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक साच्यांचे, १,६०,०००. घरात महिन्याला ७२,००० येतात. कुटुंबाच्या आरोग्य विम्याचे २७,४०० पुढच्या महिन्यात भरायचे आहेत. 'यजमानांच्या कंपनीचा ३ लाखांचा विमा आहेच, मग यंदा आपली पॉलिसी सोडली तर? डेंग्यूत ते पाच दिवस ॲडमिट होते तेव्हा खिशातून फक्त ४,२०० गेले. दातांना मात्र ४५,०००!'

ताई, पॉलिसी सोडू नका. ताराही लावा, पण त्यांचे पैसे दुसरीकडून काढू.

डेंग्यूचं जे बिल तुम्ही पत्रासोबत पाठवलंत, ते ६८,००० चं आहे. त्यातले ६३,८०० विमा कंपनीने भरले. दातांच्या मागे असं कुणी उभं नाही. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी अपघात सोडला तर दातांचा खर्च देत नाहीत, आणि तारांसाठी ॲडमिटही व्हावं लागत नाही. म्हणून दात महाग वाटतात आणि हॉस्पिटल स्वस्त. पॉलिसी गेली आणि उद्या कंपनीचा विमाही नसला, तर तेच ६८,००० तुमच्या अंगावर येतील.

कंपनीच्या विम्यावर विसंबू नका, नोकरी सुटली की तोही सुटतो. त्याहून मोठी गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहे: यजमानांना दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. आजची पॉलिसी त्याआधीची, सहा वर्षं न खंडता चाललेली. साठ महिने पूर्ण झाल्यामुळे आता फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'माहिती लपवली' म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. ती सोडून पुढच्या वर्षी नवी घेतलीत तर शुगर 'आधीचा आजार' ठरेल, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकेल, आणि साठ महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. २७,४०० वाचवण्यासाठी एवढं घालवायचं? माझ्या मनाला हे अजिबात पटत नाही. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे, तेव्हा नूतनीकरणाच्या नोटिशीत तो लावलेला नाही ना, हे बघून घ्या.

आता दात. खालचे दात टाळूला टेकत असतील तर ही नुसती दिसण्याची हौस नाही, त्यामुळे मनात अपराधीपणा ठेवू नका. पण तुमच्या एस्टिमेटच्या कागदावर सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय: 'एक्स-रे, दात काढणे, रिटेनर वेगळे.' म्हणून ४५,००० नव्हे, ५५,००० धरा. रिटेनर म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचं साधन, त्यावर काटछाट नको. माझ्या भाच्याने हॉटेलात जेवताना ते टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवलं, वेटरने खरकट्यासोबत उचलून नेलं. नवीन करायची चालढकल झाली आणि काही महिन्यांत पुढचे दात पुन्हा सरकले.

उपचार दीड-दोन वर्षं चालणार, मग पैसेही तसेच द्या. सुरुवातीला १२,०००, उरलेले ३३,००० अठरा महिन्यांत, म्हणजे भेटीगणिक साधारण १,८५०, असं डॉक्टरांशी बोला. बरेच जण बिनव्याजी हप्ते घेतात. 'नो कॉस्ट ईएमआय'च्या कागदावर सही करण्याआधी मात्र थांबा. ते तुमच्या नावावरचं कर्जच असतं, त्यात क्लिनिकला सगळे पैसे पहिल्याच दिवशी मिळतात. मध्येच डॉक्टर बदलावा लागला तरी कर्जाचे हप्ते तुमच्याकडून जातच राहतात.

सुरुवातीचे १२,००० आणि एक्स-रेचे पैसे दिवाळीच्या बोनसमधून द्या. दोन-तीन महिने थांबलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. जबड्याच्या वाढीचा प्रश्न असेल तर ते नाही म्हणतील. तसं झालं तर यजमानांना पगारातून ॲडव्हान्स मागू द्या. महिन्याच्या हप्त्यासाठी ५,००० ची एसआयपी दीड वर्ष ३,००० वर आणा. दीड लाखाच्या एफडीला हात लावू नका, अडीनडीला तुमच्याकडे तेवढीच आहे.

अलायनर या पगारात मी सुचवणार नाही. शिवाय ते दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात, बारा वर्षांच्या मुलीकडून ते निभेल का, हे तुम्हीच जाणता.

४५,००० ही जड वाटत असतील तर ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळ गाठा. तिथे डी. वाय. पाटील आणि तेरणा, दोन्हींची डेंटल कॉलेजं आहेत. अशा कॉलेजांत एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण, करणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली तारा लावतात आणि खर्च खाजगी क्लिनिकपेक्षा बराच कमी येतो. वेळ मात्र जास्त जातो. महिन्यातून एकदा मुलीची शाळा आणि तुमचा अर्धा दिवस बुडेल. केस हातात घेणारा विद्यार्थी कितव्या वर्षाला आहे तेही विचारा. कोर्स तीन वर्षांचा असतो, शेवटच्या वर्षाचा असेल तर उपचार अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती जातो.

पॉलिसीचे पैसे मुदतीच्या आठवडाभर आधीच भरून टाका. डॉक्टरांकडून हप्त्यांचं वेळापत्रक आणि रिटेनरची किंमत कागदावर घेतलीत की मला पाठवा, मी आकडे पुन्हा तपासून देईन.