'सार्वजनिक मूल्य' की 'लोकहित'?

प्रश्न असा: लोकप्रशासनावरचा मजकूर मराठीत लिहिताना 'पब्लिक व्हॅल्यू'ला, म्हणजे सरकारी कामातून समाजाच्या पदरी प्रत्यक्ष पडणाऱ्या मोलाला, 'सार्वजनिक मूल्य' म्हणावे, की सरळ 'लोकहित'?

'लोकहित' कानाला बरे वाटते, पण त्यातून कळतो तो हेतू. लोकहितासाठी निर्णय घेतला, ठीक. हित झाले का? या संकल्पनेचा सगळा जोर त्या पुढच्या प्रश्नावर आहे. ती 1995 मध्ये लोकप्रशासनाचे अमेरिकी अभ्यासक मार्क मूर यांनी मांडली. दुकानात गिऱ्हाईक खुशीने पैसे मोजते, तोच मालाला मोल असल्याचा पुरावा. सरकारला ही सोय नाही. कर सक्तीचा, आणि भरणारा एक, लाभ घेणारा भलताच. मूर यांचे उदाहरण ग्रंथालयाचे आहे. आईवडील कामावर, म्हणून शाळा सुटली की मुले ग्रंथालयात येऊन बसतात. ग्रंथपालाने त्यांना हटकावे, की त्यांच्यासाठी काही योजावे? योजले तर खर्च सगळ्यांचा. भले नेमके कोणाचे, आणि ते भले आहे हे ठरवायचे कोणी? 'लोकहित' म्हटले की हा वाद सुरू होण्याआधीच मिटल्यासारखा वाटतो. म्हणून माझे मत 'सार्वजनिक मूल्य'ला.

अर्थात 'मूल्य' दोन डगरींवर उभे आहे: 'मूल्यवर्धित कर'मधले पैशाचे आणि 'मूल्यशिक्षण'मधले नीतीचे. इथे वचन कामी येते. नीतीच्या अर्थाने आपण बहुधा अनेकवचनच वापरतो, मूल्ये जपतो, मूल्ये रुजवतो. याच विषयाचे दुसरे अमेरिकी अभ्यासक बॅरी बोझमन यांनी 2007 मध्ये केलेली चर्चाही अनेकवचनातलीच आहे: नागरिकांचे हक्क कोणते, कर्तव्ये कोणती, धोरण कोणत्या तत्त्वांवर चालावे, याबद्दलची समाजाची सहमती. तेव्हा मूर यांचे 'सार्वजनिक मूल्य', बोझमन यांची 'सार्वजनिक मूल्ये'. मात्र विभक्ती लागली की 'मूल्याचा' आणि 'मूल्यांचा' यांत फरक उरतो तो एका अनुस्वाराचा. मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा!

आता 'पब्लिक व्हॅल्यू'बरोबर येणारी क्रियापदे. 'क्रिएट'साठी 'निर्माण करणे' पुरते. 'जस्टिफाय'साठी सर्रास वापरले जाणारे 'समर्थन करणे' मला खटकते. निर्णय झाल्यावर त्याची बाजू सावरून धरण्याचा वास त्याला येतो, शिवाय 'समर्थन' म्हणजे पाठिंबाही. कोणताही सरकारी बेत तपासण्यासाठी मूर एक त्रिकोण मांडतात; त्यात तर मूल्य एका कोनावर, अधिमान्यता (म्हणजे अधिकाराला असलेली मान्यता) आणि पाठिंबा दुसऱ्यावर, काम पार पाडण्याची यंत्रणेची क्षमता तिसऱ्यावर. एकाच परिच्छेदात 'समर्थन' दोन अर्थांनी आले की वाचक अडखळणारच. त्यापेक्षा 'निर्णयाचे सार्वजनिक मूल्य पटवून देणे' लिहा. पटवायचे म्हटले की ते कोणाला, हेही वाक्यात आपोआप सांगावे लागते.